तुझा पिळलेला टाका

सुजाता, तुझे टाके पिळलेलेच होते. आता हे बोलून उपयोग नाही, कारण उलटून बोलायला तू नाहीस, आणि समोरून उत्तर येणार नसेल तर वाद घालण्यात मला कधीच गंमत वाटली नाही. तरी एकदा लिहून ठेवते. सुलट टाका घालताना सुई टाक्याच्या, म्हणजे सुईवरच्या फासाच्या, पुढच्या पायात जाते. तू ती मागच्या पायात घालायचीस. त्यामुळे तुझा प्रत्येक सुलट टाका बुडाशी पीळ खाऊन बसायचा, वीण दाट आणि कडक व्हायची, आणि तू विणलेल्या स्वेटरात डोकं घालायला माणसाला झगडावं लागायचं.

आपली ओळख टेलिफोन ऑफिसातली. दोघी ऑपरेटर, दोघी एकाच पाळीत. कानाला हेडफोन लावून दिवसभर परक्या माणसांची लग्नं, मयतं आणि भांडणं जोडून द्यायची, आणि मधल्या सुट्टीत विश्रांतीच्या खोलीत पिशवीतून सुया काढायच्या. पहिल्याच हिवाळ्यात मी तुझ्या हातातलं विणकाम उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हटलं, "चुकतेयस तू."

तू ते माझ्या हातातून परत घेतलंस. "चुकलं असतं तर भोक पडलं असतं. भोक दाखव."

भोक नव्हतंच. तिथून जो वाद सुरू झाला तो निवृत्तीनंतरही चालू राहिला. ऑफिस बंद झालं, टेलिफोन लोकांच्या खिशात गेला, मी शुक्रवार पेठेत होते तिथेच राहिले, तू धायरीला तुझ्या मुलाच्या, आनंदच्या फ्लॅटमध्ये राहायला गेलीस, आणि तरी मंडईत भाजी घ्यायला आलीस की जिना चढून वर यायचीस, चहा व्हायच्या आत सुया काढायचीस आणि मला मुद्दाम दिसेल अशी मागच्या पायात सुई घालायचीस.

तो टाका तुझ्या आईचा होता हे तू मला फार उशिरा सांगितलंस. आई दवाखान्यात आया होती. तिथल्या एक नर्सबाई दुपारी विणायला बसायच्या आणि ती समोर उभी राहून बघायची. शेजारी बसवून तिला कुणी शिकवलं नाही. समोरून जे दिसलं ते तिनं घरी येऊन करून पाहिलं, आणि समोरून पाहिलेलं उलटं येतं. त्या उलट्या हातानं तिनं तुम्हा भावंडांना एकाही थंडीत कुडकुडू दिलं नाही. हे सगळं ऐकून घेतल्यावर मी म्हटलं, "आईंबद्दल मला आदर आहे. पण टाका पिळलेलाच आहे." तू इतकी हसलीस की चहा सांडला. दुसऱ्या कुणी माझ्याशी बोलणं टाकलं असतं.

मग तन्वी भेटली. रविवारी सकाळी बागेत विणणाऱ्या बायका जमतात म्हणून तू मला ओढत नेलंस. त्यात ही एक आयटीतली मुलगी, गळ्यात ऑफिसचं कार्ड आणि मांडीवर बांबूच्या सुया. तिनं तुझा नमुना हातात घेतला, उजेडात धरला आणि म्हणाली, "काकू, हे सगळे ट्विस्टेड आहेत. इंटेन्शनल आहे का?"

"घराणं आहे," तू म्हणालीस.

मी विजयी चेहऱ्यानं तन्वीकडे पाहिलं. पण तिनं फोन काढला आणि चित्रं दाखवायला लागली. लांबच्या थंड डोंगराळ मुलखात लोक मुद्दाम टाके पिळतात म्हणे. आजूबाजूला उलट टाके आणि मध्ये पिळलेला सुलट, म्हणजे ती रेघ लाकडावर कोरल्यासारखी वर उठून दिसते. रेघा एकमेकींना ओलांडतात, वेली होतात, चौकटी होतात. तू बराच वेळ चित्रं बघत राहिलीस. मला वाटलं आता मला टोमणा मारशील. बसमध्ये बसल्यावर फक्त एवढं म्हणालीस, "आईला हे दाखवायला हवं होतं."

त्यानंतर तुला वेडच लागलं. आपल्यासाठी लोकर म्हणजे रविवार पेठेतल्या दुकानातली ॲक्रिलिकची गुंडी, रंग तेवढा निवडायचा. तन्वी काय काय आणायची. मरिनो मेंढ्यांची लोकर, बांबूचा धागा, दुधापासून केलेला म्हणतात तो धागा. "आधी बांबू, आता दूध," तू म्हणालीस, "ही मुलगी उद्या पोह्यांची लोकर आणेल." पण घरी गेल्यावर प्रत्येकाचा एक चौकोन विणून बघायचीस. बांबू सुळसुळीत, सुईवरून घसरतो. दुधाचा मऊ, पण त्याचे पदर सुटतात. मरिनोला तुझा टाका सगळ्यात जास्त शोभला. त्यात तू एक शाल केलीस, तिच्यावर कोरलेल्या रेघा होत्या, आणि ती तू मला दिलीस. मी म्हटलं, "बरी आहे." पुण्यात याला कौतुक म्हणतात हे तुला माहीत होतं, म्हणून तू आणखी काही विचारलं नाहीस. पण ती बरी नव्हती, सुजाता. तशी वस्तू माझ्यासाठी कुणी कधी केली नव्हती. हे मी तेव्हा सांगायला हवं होतं की नाही, मला ठरवता येत नाही. तुला कळलं होतं असं मी धरून चालते.

गाठ तुला आंघोळ करताना लागली. ऑपरेशन झालं, किमो सुरू झाली, केस गेले. त्या काळातलं मला आठवतं ते बहुतेक टोपीवरून झालेलं भांडण. लोकर तुझ्या टाळूला टोचायची, ॲक्रिलिकनं घाम यायचा. तन्वीनं बांबूचा धागा आणून दिला. तू तुझ्या टाक्यात टोपी विणलीस. बांबूच्या धाग्याला आधीच लवचिकपणा नसतो, त्यात तुझा पीळ. टोपी काढली की डोक्यावर सगळ्या रेघा उमटलेल्या असायच्या. मी म्हटलं, "निदान टोपीला तरी सरळ टाका घाल."

"डोकं माझं, टाका आईचा. तुझं मध्ये काय आहे?"

मी घरी जाऊन सरळ टाक्याची टोपी विणून आणली. पहिल्या दिवशी सुरेख बसली. दुसऱ्या दिवशी ती सैल होऊन तुझ्या भुवयांवर आली आणि तिसऱ्या दिवशी नाकावर. किमोची सुई हाताला लावलेली असताना तू त्या टोपीखालून म्हणालीस, "मधू, तुझा बरोबरचा टाका मला कुठे काही बघू देत नाही."

शेवटी तन्वीनंच तोड काढली. वरचा घुमट सरळ टाक्याचा, म्हणजे डोक्याला सैल, आणि खालची पट्टी पिळलेल्या टाक्याची, म्हणजे ती धरून ठेवेल. घुमट मी विणला, पट्टी तू विणलीस. तुझ्या सोफ्यावर बसून, एकच टोपी, आधी तुझ्या हातात, मग माझ्या. ती बसली. उन्हाळाभर तू तीच घालून दवाखान्यात गेलीस. इतक्या वर्षांत आपण दोघींनी मिळून केलेली ती एकच वस्तू, आणि ती कशासाठी करावी लागली.

मग तुझी बोटं गेली. औषधानं होतं असं, डॉक्टर म्हणाले. आधी टोकांना मुंग्या, मग काहीच नाही. सुई हातात आहे की नाही ते तुला बघून ठरवावं लागायचं. तेव्हा तुझ्या सुनेला, स्नेहलला दिवस गेले होते आणि तू बाळासाठी दुपटं विणायला घेतलं होतंस, दुधाच्या त्या मऊ धाग्याचं, मधोमध पिळलेल्या टाक्यांची वेल. पूर्वी तू गप्पा मारता मारता, सीरियल बघता बघता विणायचीस. आता एकेका टाक्याकडे असं बघायचीस जसं कुणी सुईत दोरा ओवताना बघतं. टाका निसटला तरी कळायचं नाही. चार ओळी वर गेल्यावर दिसायचं, मग तू ते उसवायला माझ्याकडे द्यायचीस, आणि मी खाली मान घालून उसवत बसायचे. वर बघायचं धैर्य नव्हतं.

त्याच दिवसांत आनंदनं मला दवाखान्याच्या आवारात गाठलं. तू आत स्कॅनला होतीस. त्याच्या हातात रिपोर्टचं पाकीट होतं आणि ते त्यानं उघडून दाखवलं नाही.

"मावशी, लिव्हरमध्ये गेलंय. डॉक्टर म्हणतात, आता औषधं थांबवू. दुखणार नाही एवढंच बघायचं."

मी विचारलं, "किती?"

"फार नाही." मग तो म्हणाला, "आईला सांगायचं नाही. ती खचेल. तुम्ही तिच्या सगळ्यात जवळच्या आहात, म्हणून सांगतोय. कुणीच सांगायचं नाही."

मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. बाप गेला तेव्हा तो शाळेत होता. त्याला तुझ्याशिवाय कुणी नव्हतं.

तू विचारलंस ती दुपार मला पूर्ण आठवते. आनंद ऑफिसात, स्नेहल तपासणीला गेलेली. आपण गॅलरीत बसलो होतो. समोर नवीन इमारतीचं काम चाललं होतं आणि धूळ येत होती, म्हणून तू दुपट्यावर टॉवेल टाकला होतास. एकाएकी तू विचारलंस, "मधू, हे माझ्या हातून पुरं होईल का?"

मी म्हटलं, "बोटं येतील हळूहळू."

"बोटांचं विचारत नाहीये मी." तू सुया मांडीवर ठेवल्यास. "आनंद माझ्याशी फार गोड बोलायला लागलाय. त्याचे बाबा आजारी होते तेव्हा मी त्यांच्याशी असंच बोलायचे. तू सांग. टाक्यावरून इतकी वर्षं मला सोडलं नाहीस, आता का गप्प बसलीस?"

मग मी सांगितलं. डॉक्टरांनी आनंदला आणि आनंदनं मला सांगितलं होतं तसंच, कमीजास्त न करता. तू माझं मनगट धरलंस. बोटांत जाणीव नव्हती, त्यामुळे किती जोरात धरलंय ते तुला कळत नसावं. मी हात सोडवला नाही. खालून काँक्रीट मिक्सरचा घरघराट येत होता आणि त्यात तू म्हणालीस, "मला भीती वाटते गं." मी तुला कधी असं बोलताना ऐकलं नव्हतं. नवरा गेला तेव्हाही नाही. मग म्हणालीस, "मी घाबरले हे आनंदला कळू देऊ नकोस."

"नाही कळू देणार."

"चहा टाक. साखर घालून टाक. आता कशाला पथ्य."

मी चहा केला. तू तो सगळा प्यायलीस. मग दुपट्यावरचा टॉवेल काढलास, किती झालंय ते हातानं मोजलंस आणि म्हणालीस, "बाळाचे पाय झाकतील एवढं आहे. बंद करून टाक." मी टाके बंद करत गेले, तू समोरचं टोक धरून बसलीस. वेल मध्येच थांबली होती. मी म्हटलं, निदान हा फाटा तरी जुळवून घेऊ. तू म्हणालीस, "राहू दे." मग धागा कापलास. कात्री धरायला दोन्ही हात लागले तुला.

त्या संध्याकाळी तू आनंदला सांगितलंस की तुला सगळं ठाऊक आहे. कुणी सांगितलं हे त्याला विचारावं लागलं नसेल. त्याचा फोन आला तेव्हा मी जेवायला बसत होते.

"मावशी, तुम्हाला विनंती केली होती मी."

"तिनं विचारलं, आनंद."

"विचारलं म्हणून सांगायचं? तुमची आई असती तर सांगितलं असतंत?" त्याचा आवाज चढला नव्हता. "आता घरी येऊ नका. प्लीज."

मी दोनदा आले होते, सुजाता. तुला कुणी सांगितलं नसेल म्हणून सांगते. सिंहगड रस्त्याच्या गर्दीत ती बस किती वेळ लावते तुला माहीतच आहे. पहिल्या वेळी वॉचमननं वर फोन लावला आणि मला म्हणाला, "ताई, साहेब म्हणतात आई झोपल्यात." मी म्हटलं, थांबते. फाटकाजवळच्या कठड्यावर बसले. तुझ्या गॅलरीत तुझी साडी वाळत होती. बऱ्याच वेळानं तो पुन्हा आला. "ताई, साहेब म्हणतात, जा तुम्ही." दुसऱ्या वेळी त्यानं फोनही लावला नाही, नुसती मान हलवली. मला त्याचा राग आला नाही. आनंदचाही आला नाही. राग आला असता तर बरं झालं असतं, निदान वर चढून दार वाजवलं असतं.

घरी बसून मी एकच विचार करत राहिले. मी सांगितलं ते बरोबर केलं का? हे विचारायला या जगात एकच माणूस होतं आणि त्या माणसाच्या दारात मला उभं राहता येत नव्हतं. कधी वाटायचं, तू रोज भीतीनं जागी असशील आणि ती भीती मी तुझ्या हातात दिली. कधी वाटायचं, नाही, तू मला ओळखूनच विचारलं होतंस.

मग एका सकाळी स्नेहलचा फोन आला. ती फक्त "मावशी" म्हणाली आणि मला कळलं. स्मशानात मी मागे उभी राहिले. तुझं तोंड पाहायला पुढे गेले तेव्हा आनंद बाजूला झाला, माझ्याकडे न बघता. तुझ्या डोक्यावर जावळासारखे बारीक केस आले होते. तेवढंच पाहिलं.

तुझ्या पुण्यानुमोदनाच्या सभेला जाऊ की नको करत शेवटी पांढरी साडी नेसून गेले. सभागृहात तुझा फोटो, पुढे मेणबत्त्या, त्रिशरण-पंचशील झालं. लोक तुझ्याबद्दल बोलले. तू किती शांत, किती सोशिक. मला मनात वाटलं, यातल्या एकानंही तुझ्याशी वाद घातलेला दिसत नाही. मला कुणी बोलायला बोलावलं नाही. बोलावलं असतं तरी मी उठले नसते.

जेवणं चालू असताना स्नेहल माझ्याजवळ येऊन बसली. तिला आता खाली बसायला त्रास होतो, म्हणून मी तिच्यासाठी खुर्ची ओढली. ती हळू आवाजात सांगत गेली. तू नागपूरच्या भावाला बोलावून घेतलंस, ज्याच्याशी कित्येक वर्षं बोलणं नव्हतं, आणि दोघं दार लावून दुपारभर बोलत बसलात. बाळासाठी दोन नावं सुचवलीस आणि वर सांगितलंस की दोन्ही आवडली नाहीत तर खुशाल तिसरं ठेवा. एक अख्खा रविवार आनंदला शेजारी बसवून त्याच्या बाबांबद्दल सांगितलंस, त्याला कधीच न सांगितलेलं.

"आई तुमच्याबद्दल विचारायच्या," स्नेहल म्हणाली. "रोज. आनंदनं सांगितलं, मावशी गावाला गेल्यात."

मी विचारलं, "मग?"

"आई त्याच्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, 'मधूला गाव कुठलं? शुक्रवार पेठेच्या पुढे तिला परदेश वाटतो.'" स्नेहल हसली आणि तिचे डोळे भरले. "आनंद उठून गॅलरीत गेला. आई त्याला काही बोलल्या नाहीत. परत तुमचं नावही काढलं नाही त्यांनी. मला म्हणाल्या, 'त्याला त्रास होतो, राहू दे.'"

म्हणजे तुला माहीत होतं. मी आले नाही असं नाही, मला येऊ दिलं नाही, हे तुला माहीत होतं. आणि तू ते मुलासाठी गिळलंस. मला बरं वाटलं आणि त्याच वेळी इतकं वाईट वाटलं की ताटातलं मला काही गेलं नाही.

निघताना आनंद लिफ्टपाशी उभा होता. दाढी वाढलेली, पांढरा शर्ट चुरगळलेला. मला वाटलं तोंड फिरवेल. त्यानं लिफ्टचं बटण दाबलं आणि माझ्या शेजारी उभा राहिला. लिफ्ट वरच्या मजल्यावर अडकली होती.

"मावशी, त्या दिवशी तुम्ही आईला सांगितलंत तेव्हा," तो म्हणाला आणि थांबला. "ती घाबरली का?"

मी त्याच्याकडे पाहिलं. तुझंच कपाळ, तुझीच हनुवटी. तो माझ्याकडे न बघता लिफ्टच्या दाराकडे बघत होता.

"नाही रे," मी म्हटलं. "चहा मागितला तिनं. साखर घालून."

तो मान हलवत राहिला. लिफ्ट आली. त्यानं दार धरलं, मी आत गेले, आणि दार लागेपर्यंत तो तिथेच उभा होता. त्याला खरं वाटलं की नाही, मला कळलं नाही. तुझाच मुलगा तो.